भाऊजींची मिशी मालवणला गेली

शेजारच्या भाऊजींनी मिशी काढली आणि आमच्या गल्लीत कुजबुज सुरू झाली. मिशी म्हणजे ओठावरची साधी रेघ नव्हे. वनपाल म्हणून अख्खी नोकरी आलापल्ली-सिरोंच्याच्या जंगलात काढलेल्या माणसाची, टोकाला पीळ दिलेली, रिटायर झाल्यावरही रोज तेल लागणारी मिशी. अशी मिशी आमच्याकडे माणूस एकाच कारणानं उतरवतो. त्यात भाऊजींची आई नव्वदीच्या पुढं, ब्रह्मपुरीला धाकट्या मुलाकडे. लोकांनी हिशेब लावला. समोरच्यांनी तर पांढरा सदराही इस्त्री करून ठेवला म्हणे.

विचारायला जायची हिंमत मात्र मागच्या घरच्या काकूंनीच केली. आमच्या तिघींच्या परसांची कुंपणं एका कोपऱ्यात मिळतात. बांबूच्या कमच्यांवर दोडक्याचा वेल चढलाय, तेवढाच काय तो आडोसा. वहिनी खाटेवर धोतर पसरून कुरडया घालत होत्या.

"वहिनी, का झालं वो? म्हातारी गेली का?"

"कोन म्हातारी?"

"तुमची सासू."

"ते कायले जाते! काल फोनवर माझ्यावर अर्धा तास खेकसली."

"मंग भाऊजीची मिशी?"

वहिनींनी सोऱ्या खाली ठेवला. "मिशी मालवणले गेली," त्या म्हणाल्या, आणि अशा हसल्या की अर्धी कुरडई वाकडी पडली.

झालं होतं असं. नातवाची परीक्षा आटोपली तसा पुण्याच्या मुलानं सगळ्यांना कोकणात नेलं. वहिनी-भाऊजी नागपूरहून मडगावच्या गाडीत बसले ते कुडाळला उतरले. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, सोलकढी प्यायची, परत यायचं, एवढंच भाऊजींना सांगितलेलं. पण नातवानं तिथं गेल्यावर स्कूबाचा हट्ट धरला आणि आजोबा सोबत पाहिजेत म्हणाला. माणूस वाघाच्या पावलावर पाऊल ठेवून हिंडलेला, नातवासमोर नाही कसं म्हणणार?

डोळ्यांवर आणि नाकावर मिळून एक काचेचा मुखवटा बसवतात. त्याची कड रबरासारखी मऊ असते आणि ती कातडीला सगळीकडून चिकटून बसली तरच पाणी बाहेर राहतं. नाकाखाली केस आले की तिथं फट राहते. बारीक मिशी असली तर व्हॅसलीन लावून भागतं. भाऊजींच्या मिशीला अख्खी डबी लागली आणि तरी पाणी शिरलंच. पहिल्या खेपेला नाकातोंडात खारं पाणी गेलं, दोन मिनिटांत त्यांना वर आणलं. नातू मात्र खाली राहिला आणि वर आल्यावर निळे मासे, पिवळे मासे, काटेरी गोळे करत सुटला. भाऊजी रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून मालवणच्या बाजारात गेले आणि न्हाव्यापुढे बसले. साहेब लोकांनी नोकरीत सांगून पाहिलं, सासऱ्यानं लग्नात सांगून पाहिलं, तेव्हा न हललेली मिशी एका रबराच्या कडेसाठी गेली.

"मंग दिसलं का काही?" काकूंनी विचारलं.

"दिसलं ना! तवापासून हे घरात कमी अन् पान्यात जास्त राहून राहिले."

काकूंना एकच काळजी होती. "ऑक्सिजन लावला होता का वो? कोरोनात लावत होते तसा?" हा समज आमच्याकडे सगळ्यांचाच. पाठीवरच्या त्या नळकांड्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता इथं घेतोय तीच साधी हवा, सुमारे दोनशे पट दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात उलट विषासारखा बाधतो. नळकांडं जमिनीवर पाठ मोडायला लावतं, पाण्यात गेलं की त्याचं ओझं कळत नाही. उलट माणूसच वर तरंगायला बघतो, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे बांधावे लागतात. खरी करामत तोंडात धरायच्या त्या झडपेची. बाहेर पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबानं ती हवा देते आणि आपण ओढली तरच देते. 1943 साली कूस्तो नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी आणि गान्यां नावाचा इंजिनिअर यांनी मिळून ती बसवली. त्याआधी बहुतेक पाणबुड्यांना वरून नळीनं हवा पुरवत.

वहिनींनी हे सगळं हातवारे करत सांगितलं, पिठाच्या हातांनी. आत उतरताना नाक दाबून कानात हवा फुंकायची, नाहीतर कान असे ठणकतात की डोळ्यांत पाणी येतं. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. मालवणला हौशी माणसाला इतकं खोल नेत नाहीत, पण कानाला दोन-तीन मीटरसुद्धा कळतात. आणि श्वास कधी रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, ती कोंडली तर फुप्फुसच फाटतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून पाण्यानं विसळायचं.

"थुकायचं?" काकू म्हणाल्या. "अन् तोच तोंडाले लावायचा? पैसे देऊन?"

"पैसे देऊनच."

भाऊजींनी पाण्याखाली आणखी एक घोळ केला. खाली बोलता येत नाही, सगळं हातानं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केलं की सगळं ठीक. नुसता अंगठा वर केला की मला वर न्या. हे होडीत समजावून सांगितलं होतं, पण पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची झुंड समोरून गेली आणि आमच्या भाऊजींनी खुशीत येऊन अंगठा वर केला. मार्गदर्शक पोरानं लगेच त्यांना वर आणलं. भाऊजी वर येऊन ओरडले, काहून आणलं रे? पुन्हा उतरवायला त्याची मनधरणी करावी लागली.

एवढ्यात भाऊजीच चहाचा कप घेऊन परसात आले. मिशीविना ते कोणा दुसऱ्याच घरचे दिसतात. काकूंनी पदर सावरला आणि एकदम म्हणाल्या, "भाऊजी, असे बी बरे दिसता." भाऊजी कधी नव्हे ते लाजले. पण माशांचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज जुना, खात्यातला झाला.

त्यांना खटकलं ते पावाचं. खाली नेल्यावर मार्गदर्शकानं खिशातून पावाचा तुकडा काढला, चुरला आणि मासे तोंडाभोवती गोळा झाले. तेवढ्यात दुसऱ्यानं फोटो काढला. सगळ्यांचे फोटो त्यामुळे सारखेच: काचेमागे मोठे डोळे, भोवती तेच काळ्या पट्ट्यांचे मासे. भाऊजींनी वर आल्यावर पोराला बाजूला घेतलं. पाव समुद्रात कुठं उगवतो का, माशाला त्याची सवय लागली तर खडकावरचं शेवाळ कोण खाणार, असं बरंच सुनावलं. पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, मासे नाय इले तर लोक पैसे परत मागतत."

"हे वाक्य मी ऐकलं आहे," भाऊजी आम्हाला म्हणाले. "ताडोब्याला, मोहर्लीच्या गेटवर."

आणि खरंच. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 च्या सुमाराला व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आता पुण्या-मुंबईची माणसं पहाटे जिप्सीत बसून एकच विचारतात: दिसेल ना? सांबर, रानगवा, अस्वल हे सगळं वाटेत पडलेलं सामान. वाघ नाही दिसला तर सकाळ वाया. जिप्सीवाल्याचं पोट त्या प्रश्नावर आहे, म्हणून तो गाडी दामटतो. 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी कोंडलं, त्याची हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. दोष जिप्सीवाल्याचा होताच, पण मागच्या सीटवरून "थोडं पुढं घे" म्हणणाऱ्यांचं नाव कुठल्या नोटिशीत आलं? मालवणच्या पोराच्या खिशातला पावही तसाच, मागच्या सीटवाल्यांनी ठेवलेला. मला तर वाटतं, आपण तिकिटाबरोबर खात्रीही विकत घेतो आणि ती खात्री कुणाला तरी खोटेपणानं तयार करावी लागते.

भाऊजी त्या पोराशी मग बोलत बसले. तो रापणकराच्या घरचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही टोकांनी ओढायचं लांब जाळं. अख्खी आळी लागते. 1987 साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, साधारण 29 चौरस किलोमीटर, महाराष्ट्रातलं पहिलं सागरी अभयारण्य. कासव, प्रवाळ, मासे वाचवायचे म्हणून. मच्छीमारांनी विरोध केला. आमच्या पोटाचं काय, हा त्यांचा सवाल. पुढे मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या बोटींशीही त्यांची भांडणं झाली, ती वेगळी. आता त्याच घरांतली पोरं पाण्याखाली पाहुणे नेतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. नौदलातून 2024 साली निवृत्त झालेलं 'गुलदार' नावाचं जहाज निवती खडकांजवळ पाण्याखाली ठेवायचं ठरलं, पाणबुड्यांना हिंडायला.

"आपल्याकडे जंगल राखीव झालं तेव्हा गावं हलली," भाऊजी म्हणाले. "काही मीच हलवली." यावर कोणी काही बोललं नाही. वहिनींनी पुढची कुरडई घातली.

विषय पालटला तो वहिनींच्या भाचीमुळे. भाची ह्यूस्टनला असते. मावशी पाण्याखाली गेली हे तिला फोनवर कळलं (वहिनी गेल्याच नाहीत, होडीत बसून चपला राखल्या, पण फोनवर तसं सांगितलं नाही). तिनं लगेच आपले फोटो धाडले. ती नवऱ्याबरोबर बोनेरला जाऊन आली होती. कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या वर, एक छोटं डच बेट. तिकडे स्कूबाला होडीसुद्धा लागत नाही. पिकअप गाडी भाड्यानं घ्यायची, मागं नळकांडी टाकायची आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं. जागेजागी पिवळा रंग दिलेले दगड ठेवलेत, त्यांवर ठिकाणाचं नाव. दगड दिसला की थांबायचं, चालत पाण्यात शिरायचं, थोड्याच अंतरावर प्रवाळाची भिंत खाली उतरते.

"आपल्या रोडवरचे किलोमीटरचे दगड असतात तसे का?" काकूंनी विचारलं.

"तसेच. पन तिथं गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागते," वहिनी म्हणाल्या. "आतमध्ये काही ठेवायचं नाही. बंद ठेवली तर चोर काच फोडते."

काकूंना हे फार पटलं. परदेशातही चोर आहेत, याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

मला मात्र दुसरीच गोष्ट आवडली. बोनेरच्या समुद्रात हातमोजे घालायला बंदी आहे. हातात मोजा असला की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो, टेकतो. उघड्या हाताला खरचटायची भीती असते, म्हणून हात आखडता राहतो. प्रवाळ दगड दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांची वसाहत असतो आणि काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून सागरी उद्यान आहे. भाल्यानं मासे मारायला त्याआधीच, 1971 मध्ये बंदी आली. पाहुण्यांना पाण्यात उतरायला उद्यानाचं शुल्क भरावं लागतं. म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. 2023 च्या उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्र इतका तापला की प्रवाळ पांढरे पडले. भाचीच्या फोटोत काही खडक हाडांसारखे दिसतात. आणखी एका फोटोत मिठागरांच्या कडेला ओळीनं चिमुकल्या पांढऱ्या खोल्या आहेत, दार इतकं बुटकं की माणूस वाकूनच आत शिरेल. मीठ काढणाऱ्या गुलामांना झोपायला बांधलेल्या. समोरच्या पाण्यात आज लोक सुट्टी घालवायला उतरतात. काकूंनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "बाया बी राहत होत्या का यात?"

पुढचा फोटो लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिसारा फुलवलेल्या माशाचा होता. लायनफिश. दिसायला नवरदेव, पण पाठीवरच्या काट्यांत विष. हा मासा मूळ आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अमेरिकेत लोकांनी काचेच्या टाक्यांत पाळला, तिथून 1980 च्या दशकात फ्लोरिडाजवळ समुद्रात गेला आणि माजला. त्याला खाणारं तिकडे फारसं कोणी नाही. तो मात्र प्रवाळातली पिल्लं गट्ट करतो. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते. बोनेरला तो 2009 मध्ये पोचला, आणि भाल्याला बंदी असलेल्या त्या बेटाला एवढ्या एका माशासाठी नियम शिथिल करावा लागला.

भाऊजी कपातला चहा विसरले. "म्हणजे रायमुनियाच!" ते म्हणाले.

रायमुनियाशी त्यांचं जुनं वैर. नोकरीभर उपटली, जाळली, पुन्हा उगवली. लाल-पिवळ्या फुलांची ती झुडपं आपल्या जंगलात अशी माजतात की खाली गवत उरत नाही, आणि गवत नाही तर चितळ नाही. ती आली अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातून, म्हणजे त्याच कॅरिबियन अंगानं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी लावली. तलावांच्या काठावरची बेशरमसुद्धा तिकडचीच. त्यांनी आपल्याला शोभेचं झुडूप दिलं, आपण त्यांना शोभेचा मासा दिला. भाऊजींना या गोष्टीचा इतका आनंद झाला की त्यांनी हात वर नेला, मिशीला पीळ द्यायला. तिथं काही नव्हतं.

काकूंचं मन मात्र पाण्यावर बसत नव्हतं. त्यांचं माहेर चामोर्शीकडे, वैनगंगेच्या काठचं. जानेवारी 2024 मध्ये गणपूरच्या बाया मिरची तोडायला नदीपलीकडे निघाल्या, नाव उलटली, त्यांतल्या बहुतेक घरी आल्याच नाहीत. त्यांच्यातल्या एकीशी काकूंची वळख होती. "तिले का जाकीट कोनी देल्लं होतं?" काकू म्हणाल्या. "तुमी लोक हौसेनं पान्यात जाता, तर कंबरेले बांधते, गळ्यात घालते, एक मानूस हात धरते. ते मिरचीले जात होती."

वहिनींनी सांगितलं की हौसेच्या पाण्यातही माणसं जातात. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले. म्हणून या वेळी मुलानं होडीत बसण्याआधी प्रत्येकाच्या जाकिटाचे बंद ओढून पाहिले. काकूंचं त्यानं समाधान झालं नाही, आणि ते व्हावं असं मलाही वाटलं नाही. नदीवरच्या नावेत जाकीट ठेवायला मालवणच्या होडीइतकाही खर्च येत नाही.

"पाण्यात कसं राहायचं ते ढिवरांना विचारा," भाऊजी म्हणाले. आमच्याकडचे माजी मालगुजारी तलाव या मासेमारांनीच सांभाळले. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून शिंगाडे काढणं, बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवणं, हे विनानळकांड्याचं कसब. तिकडे गोंदियात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, ढिवर बायांनी तलावांतली बेशरम काढली आणि पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. माशाला अंडी घालायला आणि लपायला जागा झाली, मासे परत आले. प्रवाळाचं काम समुद्रात जे, तेच तलावात त्या गवताचं. भाऊजींनी आता डोक्यात घेतलंय की तो काचेचा मुखवटा एक विकत आणायचा आणि तलावात डोकं घालून बघायचं. वहिनी म्हणाल्या, गाळात काही दिसणार नाही. ते म्हणाले, मरळ दिसेल.

"अन् त्या पोराचं सांगा ना यांना," वहिनींनी आठवण केली.

मालवणचं पोरगं गडचिरोलीला येणार आहे. भाऊजींनीच बोलावलं. त्याला वाघ बघायचाय, आयुष्यात पाहिला नाही म्हणे. मे संपला की समुद्र खवळतो, स्कूबा बंद होतो. आणि ताडोब्याचा गाभा जुलैपासून तीन महिने बंद. दोघांच्या हाती सापडतो तो जून. "जूनमध्ये उकाड्यानं मरंल ते लेकरू," काकू म्हणाल्या. "पाऊस लागला तर गाडी फसंल." भाऊजी म्हणाले, उकाड्यातच वाघ पाणवठ्यावर येतो. आणि नाही आला तर कमलापूरला हत्ती दाखवतो, ते कुठं जात नाहीत.

"वाघ नाही दिसला तर पैसे परत मागंल का ते?" मी विचारलं.

"त्याला मी आधीच सांगून ठेवलंय," भाऊजी म्हणाले, "खिशात पाव आणायचा नाही."

काकू आता त्या पोराच्या जेवणाचं ठरवायला लागल्या होत्या. कोकणातला माणूस, मासे लागतील. पण आमचं गोड्या पाण्यातलं त्याला चालेल का? मरळीचा रस्सा त्या करणार, भात आमच्याकडून, आणि झोपायला वहिनींकडे. फक्त आधार कार्डाचा फोटो अजून त्यानं पाठवला नाही, आणि सफारीच्या बुकिंगला तो लागतो. वहिनी म्हणाल्या, रात्री पुन्हा फोन करते, आत्ता तो पाण्याखाली असेल.